उत्तेजनार्थ

दाढी अर्धी झाली होती, म्हणजे उजवा गाल माणसात आला होता आणि डावा अजून फेसात होता, तेव्हा मास्तरांना न्हाणीघराच्या दाराआडून मुलीचा आवाज ऐकू आला. ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. "अगं, मिळालं! उत्तेजनार्थ. हो, परीक्षकांनी लगेच अभिनंदन केलं. समारंभ तीनला." मग ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. मास्तरांच्या हातातला वस्तरा गालावरच थबकला आणि बारीकसं रक्त आलं. पण त्यांनी ते आनंदाच्या खात्यात टाकलं. पोरीने कुठल्या तरी स्पर्धेत भाग घेतला, बक्षीस मिळवलं आणि घरात चकार शब्द काढला नाही. प्रवेश परीक्षेत एकदा आपटल्यापासून ती वर्षभर खोलीचं दार लावून बसली होती. जेवायचं ताट परत जाई. परवाच बायको म्हणाली होती, "पोरगी झोपेत दात खाते हो. झिजलेत मागचे. मापं घेऊन रबरी साचा करून आणते." बायको दंतवैद्याकडे मदतनीस होती, त्यामुळे घरातल्या कुठल्याही दुःखाची सुरुवात तिला दातांपासून दिसत असे. झोपेत म्हणजे कधी, हे विचारायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. मास्तरांनी फेस पुसला, कपाटातला एकुलता एक बरा सदरा काढला आणि स्वतःच इस्त्री फिरवायला घेतला. ठरवूनच टाकलं: अर्ध्या दिवसाची रजा काढायची, अडीचला घरी यायचं, आणि काही न बोलता तिच्याबरोबर निघायचं. चकित करायचं.

मास्तर हे मास्तर नव्हते. त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं; तीस वर्षं लोकांचं शुद्धलेखन सुधारलं होतं, आणि सुधारलेल्या माणसांनी कृतज्ञतेपोटी किंवा चिडून हे नाव ठेवलं होतं. आधी छापखान्यात मुद्रितं तपासली, मग वर्तमानपत्रात, मग वर्तमानपत्र मिटलं तेव्हा ते एका मोठ्या संकेतस्थळाच्या भाषा विभागात आले. तिथे लोक आपापली छायाचित्रं, चित्रफिती आणि मतं टाकत, आणि एक यंत्र त्यातलं वाईट तेवढं अडवत असे. त्या यंत्राला सगळे गाळणी म्हणत. गाळणीला आपली भाषा येत नव्हती. मास्तरांना येत होती. म्हणून त्यांच्याकडे दोन याद्या होत्या. बंदी यादीतला शब्द दिसला की गाळणी मजकूर अडवी. निर्दोष यादीतला शब्द दिसला की मान खाली घालून जाऊ देई, पुन्हा बघतसुद्धा नसे. शिव्या, विषं, शस्त्रं, सगळ्यांची विभक्तिप्रत्ययांसह वर्णवार मांडणी मास्तरांनी केली होती. असली काळजी त्यांनी स्वतःच्या संसाराची केली असती तर काय झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात अधूनमधून येई, आणि ते त्यातलंही एखादं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून पुढे जात.

बसमध्ये उभं राहून, सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून छाती पुढे काढून, ते त्या शब्दाचा विचार करत होते. उत्तेजनार्थ. पहिला, दुसरा, तिसरा, आणि मग सगळ्या टाळ्या वाजवून संपल्यावर, लोक खुर्च्या सरकवायला लागल्यावर, उत्तेजनार्थ. निबंधात त्यांना शाळेपासून हेच मिळत आलं होतं. नोकरीही तशीच, आधीच्या तिघांनी नाकारल्यावर. लग्नही जवळपास तसंच. बायको हे भांडणात सांगे, प्रेमातही सांगे, सूर तेवढा बदले. आणि मुलीला, तिला ते भिंगरी म्हणत, नवव्या वर्षी वक्तृत्वात तेच मिळालं होतं. तळहाताएवढा पत्र्याचा चषक आणि रेघांवर हाताने नाव लिहिलेलं प्रशस्तिपत्र. मास्तरांनी प्रशस्तिपत्राला चौकट करून घेतली, भिंगरीच्या हातात चषक देऊन छायाचित्र काढलं आणि ते त्याच संकेतस्थळावर टाकलं, तेव्हा ते तिथे नोकरीलाही नव्हते. 'आमच्या भिंगरीला वक्तृत्वात उत्तेजनार्थ पारितोषिक!' शेवटी उद्गारचिन्ह. मास्तरांनी आयुष्यात इतरांची हजारो उद्गारचिन्हं खोडली. स्वतःचं असं हे एकच ठेवलं होतं.

आणि त्या शब्दाचं त्यांनी ऋणही फेडलं होतं. तीन वर्षांपूर्वी 'उत्तेजक' हा शब्द त्यांनीच बंदी यादीत घातला. जागं ठेवणाऱ्या, धावायला लावणाऱ्या गोळ्या आणि पुड्या विकणारे बोकाळले होते म्हणून. गाळणी बिचारी मूळ धरून चालणारी. तिने 'उत्तेज'ने सुरू होणारं जे दिसेल ते अडवायला सुरुवात केली. शाळांच्या बक्षीस समारंभांचे दिवस होते. हजारो आईबापांनी हजारो चषकधारी पोरं टाकली आणि हजारो पोरं अमली पदार्थ म्हणून अडकली. एका आजोबांनी लिहिलं, माझ्या नातवाने रांगोळी काढली आहे, गांजा नाही. तेव्हा मास्तरांनी दीड पानी टिपण केलं: 'उत्तेजनार्थ' हा शब्द निरागस आहे, तो हरलेल्यांचा आधार आहे, त्याच्या वाटेला कोणीही वाईट माणूस जाणार नाही, कारण वाईट माणसाला चौथं येण्यात रस नसतो. टिपण सगळ्या कार्यालयात गाजलं. शब्द निर्दोष यादीत गेला. वार्षिक कार्यक्रमात त्यासाठी मास्तरांना बक्षीसही मिळालं. कितवं, ते सांगायला नको.

कार्यालयात त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला. शेजारच्या खुर्चीवर तपासणीवाली बसे. गाळणीतून निसटलेलं जे काही असे ते डोळ्यांनी बघून ठरवायचं काम तिच्याकडे. दिवसाला आठशे चित्रं. सव्वीस वर्षांची, पण नजर एखाद्या निवृत्त फौजदाराची.

"आज सदरा काय, बिस्किटं काय! मास्तर, बोहल्यावर चढताय की काय?"

"भिंगरीला बक्षीस मिळालं."

"वा! कितवं?"

"उत्तेजनार्थ," मास्तर म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्या आवाजातला अभिमान ऐकू आला. "घरात सांगितलंसुद्धा नाही बघ. फोनवर बोलताना कानावर पडलं. परीक्षकांनी अभिनंदन केलंय, तीनला समारंभ आहे."

तपासणीवालीचं बिस्किट चहात बुडवलेलं होतं. ते तिथेच विरघळून तुटलं आणि तळाशी गेलं. तिने काढलं नाही.

"मास्तर, कसली स्पर्धा?"

"ते कुठे सांगितलंय."

"परीक्षक असंच म्हणाली? आणि अभिनंदन? आणि समारंभ, हेच शब्द?"

"हेच. का गं?"

तिने खुर्ची सरकवून मास्तरांना जागा करून दिली, आणि पडद्यावर त्यांचाच शब्द, त्यांनी सोडवून आणलेला शब्द, शोधपेटीत टाकला. आधी पोरं आली. दात पडलेली, टाय वाकडे झालेली, चषक छातीशी धरलेली. मग त्यांच्यामधून, त्यांच्या खांद्यांआडून यावीत तशी, दुसरी पानं येऊ लागली. सोनेरी किनार. फीत बांधलेला चषक. 'यंदाचे उत्तेजनार्थ, घरपोच.' एका चित्रफितीत ओले केस चापून विंचरलेला मुलगा लख्ख टेबलाशी बसून सांगत होता की तो अठरा तास अभ्यास करतो आणि थकवा हा मनाचा खेळ आहे. एका मुलीच्या मागे खिडकी, खिडकीत कुंडी, कुंडीत फूल. ती वहीतल्या सुरेख अक्षरावरून बोट फिरवत म्हणत होती, झोप ही नुसती सवय असते, सवयी बदलता येतात. गोळी कुठे दिसतच नव्हती. दिसत होता तो नीटनेटकेपणा. फाटलेले ओठ नव्हते, घामेजलेले तळवे नव्हते, परत गेलेली ताटं नव्हती, दात खाणारं कोणी नव्हतं. खाली लोकांची रांग: आमच्याकडे उत्तेजनार्थ मिळेल का? आणि प्रत्येकाला एकच उत्तर: अभिनंदन!

"अभिनंदन म्हणजे मागणी पोचली," तपासणीवाली हळूच म्हणाली. "परीक्षक म्हणजे विकणारा. समारंभ म्हणजे माल हातात द्यायची वेळ. चार महिने चाललंय. मी तीनदा वर पाठवलं, मास्तर. निर्दोष यादीतलं आहे म्हणून तिन्ही वेळा परत आलं. तुम्हाला सांगणारच होते, पण ते टिपण..." ती थांबली. "तुमच्या भिंतीवर लावलंय ना ते."

मास्तरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर शुद्धलेखन पाहिलं. सवयच ती. पानभर मजकुरात एक चूक नव्हती. अनुस्वार जागच्या जागी, 'घरपोच' एकत्र, स्वल्पविरामानंतर जागा सोडलेली. कोणी तरी चांगलं शिकलेलं, चांगल्या घरातलं माणूस कुठे तरी बसून हे मन लावून लिहीत होतं, आणि बहुतेक त्यालाही शाळेत एकदा चषक मिळाला होता. मग त्यांची नजर पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे फिक्या अक्षरांत लिहिलं होतं: पुरस्कृत. जाहिरातीचे पैसे भरले की संकेतस्थळ हा शब्द लावी. तो शब्दही मास्तरांनीच सुचवला होता. 'प्रायोजित'पेक्षा गोड वाटतो, असं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे त्यांनी दार उघडून दिलं होतं, वर तोरणही बांधलं होतं. त्यांच्या कानशिलात काही तरी ठोकू लागलं. आयुष्यभर ते रागाला शब्द शोधत बसले आणि शब्द सापडेपर्यंत राग निघून जाई. आज शब्दच नको होता. स्वतःचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज त्यांना डोक्याच्या आत ऐकू आला, आणि एकदम त्यांना कळलं की ती झोपेत दात खात नव्हती. ती झोपतच नव्हती.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. बायकोला लावला, तिच्या हातात कोणाचा तरी जबडा होता. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता घरी जा. मी सुटते." घड्याळात पावणेदोन झाले होते. मधे मॅडमची, म्हणजे विभागप्रमुखांची, काचेची खोली होती.

मॅडम मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला अतिशय गोड. कोणालाही नाही म्हणायचं झालं की आधी पाणी विचारत.

"मास्तर, बसा ना. पाणी घेता?"

"तो शब्द आत्ता काढायचा आहे. निर्दोष यादीतून."

"अहो, तुमच्याच टिपणावर तर घातला आपण! मी नव्या मुलांना अजून दाखवते ते. काय सुंदर लिहिलंय."

"त्या नावाखाली विष विकतायत, मॅडम. आपल्याच पानांवर. आपण पैसे घेऊन छापतोय."

"हे बघा, तक्रार आली असेल तर मार्ग आहे ना. शब्द घालायला तुमची सही पुरते, काढायला तीन लागतात. भाषा, कायदा आणि जाहिरात."

"जाहिरात कशाला?"

"शब्द पुरस्कृत आहे ना, मास्तर." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मास्तरांना क्षणभर वाटलं, त्या शब्दाला खरंच कुठे तरी शाल वगैरे दिली असावी. "चालू तिमाही संपू दे. पुढच्या बैठकीत घेऊ. शिवाय बक्षीस समारंभांचे दिवस आलेत. पुन्हा हजारो लहान मुलं अडकली तर? तुम्हालाच वाईट वाटेल."

"माझी मुलगी घेते ते," मास्तर म्हणाले.

मॅडमचा चेहरा खरोखर उतरला. माणूस वाईट नव्हतं. मग त्या पुढे झुकून, अगदी मनापासून म्हणाल्या, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

हे वाक्य मास्तरांचं होतं. ज्यांचा मजकूर अडवला जाई त्यांना जाणाऱ्या पत्रासाठी त्यांनी ते लिहिलं होतं, सात मसुदे करून. आधी 'भावना समजतात' होतं. त्यांनी 'समजू शकतो' केलं. कारण समजू शकतो म्हटलं की समजलंच पाहिजे असं नाही. हा बारकावा तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता. आज तो त्यांच्याच वाट्याला आला. त्यांना ती काच फोडावीशी वाटली, पाण्याचा पेला, स्वतःचं दीड पानी टिपण, तीस वर्षांच्या लाल शाया, सगळं. त्यांनी फक्त खुर्ची आत सारली, कारण खुर्ची बाहेर ठेवून जाणं त्यांना जमत नसे.

जागेवर येऊन त्यांनी निर्दोष यादी उघडली. शब्द काढायला तीन सह्या लागत. पण यादीतल्या शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त करायला कोणाचीच लागत नसे, ते मास्तरांच्या अखत्यारीत. बंदीचे शब्द गाळणी मुळावरून पकडी, पण निर्दोष शब्द मात्र अक्षराला अक्षर जुळवून बघे. मास्तर 'उत्तेजनार्थ'च्या शेवटच्या अक्षराशी गेले. 'थ'वर रफार होता, छोटासा, टोपीवरच्या तुऱ्यासारखा. छापखान्यात हे रफार नेहमी गळत, आणि त्यांनी ते हजारो वेळा एकेक करून परत बसवले होते. त्यांनी तो खोडला. उरलं: उत्तेजनाथ. एखाद्या भोंदू बुवाचं नाव असावं तसं. आता असा शब्द जगात कोणीच लिहिणार नव्हतं, आणि खरा शब्द 'उत्तेजक'च्या बंदीपुढे उघड्यावर पडला होता. आयुष्यातली पहिली जाणूनबुजून केलेली चूक. त्यांनी बटण दाबलं. तपासणीवालीने पाहिलं. तिने बिस्किटांचा पुडा दुमडून मास्तरांच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "पळा."

ते पोचले तेव्हा भिंगरी चपला घालत होती. दुपारच्या उन्हात दारातच दोघं समोरासमोर आले. ती मळक्या कपड्यांत, हे इस्त्रीच्या सदऱ्यात. तिचे डोळे फार मोठे दिसत होते. इतके दिवस एकाच घरात असून त्यांनी ते पाहिले नव्हते, आणि तिथे कार्यालयात आठशे अनोळखी चित्रं रोज कोणी तरी बघत होतं.

"बाबा? आज लवकर? आणि हा सदरा का घातलाय?"

"तुझ्या समारंभाला यायचं होतं."

तिचा चेहरा आधी कोरा राहिला, मग पांढरा झाला.

"कोणी सांगितलं?"

"तूच. मी आत दाढी करत होतो. मी खुश झालो होतो गं." त्यांचा आवाज चढला. "मूर्खासारखी बिस्किटं वाटली मी! काय करून घेतलंस हे? कधीपासून?"

"ओरडू नका. सगळे घेतात."

"सगळे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे! पहिले तिघेसुद्धा. त्याशिवाय येतात का पहिले?" ती बोलत होती ते भराभर, एक वाक्य संपायच्या आत दुसरं, जिभेला कोरड पडल्याने शब्द चिकटत होते. "तुम्हाला काय माहितेय? तुम्ही चौकट करून लावली ना ती भिंतीवर? येईल त्याला दाखवत होता, बक्षीस मिळालं, बक्षीस मिळालं. बाबा, त्या स्पर्धेत आम्ही चौघीच होतो! चौघी. मी शेवटची आले. मला तेव्हाच कळलं होतं. मी नऊ वर्षांची होते, वेडी नव्हते. तुम्ही एवढे खुश झालात की मी काही बोलले नाही."

मास्तर उभे राहिले. भिंतीवरची चौकट भिंगरीच्या मागेच होती. नजर वर करून बघायची हिंमत झाली नाही. एवढी वर्षं एका लहान मुलीने त्यांची चूक सांभाळली होती, दुरुस्त न करता. ते काही तरी म्हणणार होते, पण तिने त्यांचा हात धरला आणि एकदम स्वतःच्या छातीवर दाबला, लहानपणी ताप आला की दाबायची तसा.

"बाबा, हे थांबत नाहीये," ती म्हणाली. "परवापासून. मला भीती वाटतेय."

त्या मळक्या कपड्यांखाली जे धावत होतं ते त्यांच्या मुलीचं हृदय होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. ते पक्ष्यासारखं धडधडत नव्हतं, यंत्रासारखं चाललं होतं, कोणी तरी लांबून चालवत असल्यासारखं. तिच्या चपला तशाच राहिल्या. रिक्षात त्यांनी तो हात काढला नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तारा लावता लावता विचारलं, "काय घेतलंय?" भिंगरीने वडिलांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांना दिसलं की त्यांच्याकडे त्या वस्तूला एकच शब्द आहे. "गोळ्या," ते म्हणाले. "झोप मारायच्या. नाव माहीत नाही. विकणाऱ्यांनी दुसरंच ठेवलंय." बाईंनी नुसती मान हलवली, असे बाप त्यांना नवे नसावेत. सुई टोचली, रात्रभर ठेवू म्हणाल्या, वेळेवर आणलंत म्हणाल्या. बायको धावत आली, अंगावर दवाखान्याचा झगा तसाच. ती मास्तरांना काही बोलली नाही, ते नंतर व्हायचं होतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने दोन बोटं मुलीच्या जबड्यावर ठेवली, घाबरलेल्या पेशंटच्या ठेवते तशी. यंत्रावरचा ठोक्यांचा आकडा एकेक करून खाली येऊ लागला. चारच्या सुमारास, पडद्याच्या फटीतून ऊन पायांवर पडलेलं असताना, भिंगरी झोपली. आधी जबडा हलत होता. मग बोटांखाली तोही थांबला.

मास्तर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. समोर दोन अनोळखी बायका आपापल्या फोनमध्ये बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "हे बघा की, आमच्या नातवाचा फोटोच अडवला. चित्रकलेत उत्तेजनार्थ आला होता पोरगा. काय मेलं यंत्र!" मास्तरांनी त्या बाईंकडे पाहिलं. कुठे तरी तीनचे सगळे समारंभ बुडाले असतील. उद्या परवापर्यंत ते दुसरा शब्द शोधतील, 'गुणगौरव' किंवा 'पदवी' किंवा आणखी एखादा निरागस. आणि मॅडम पाणी विचारून रफाराबद्दल विचारतील. राग गेला नव्हता. या वेळी शब्द शोधत बसले नाहीत म्हणून तो जागेवरच होता, गरम, उपयोगी.

खिशातला फोन थरथरला. संकेतस्थळाचं पत्र होतं. वर एक छायाचित्र: नऊ वर्षांची मुलगी, तळहाताएवढा चषक, कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला पाहणारे डोळे. त्या वेळी ते लाजाळूपणाचे वाटले होते. खाली मास्तरांचीच वाक्यं, एक काना-मात्रा इकडची तिकडे न झालेली.

'आपण प्रसिद्ध केलेला मजकूर आक्षेपार्ह आढळल्याने काढून टाकण्यात येत आहे. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. यात काही चूक झाली आहे, असे आपल्याला वाटते का?'

खाली दोन चौकोन होते. हो आणि नाही.

मास्तरांनी ते सगळं सवयीने एकदा शेवटपर्यंत वाचलं, आणि मग 'नाही' दाबलं.